आगाखान पॅलेसमधली कैफियत

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: १९२२ मध्ये अहमदाबादला न्यायाधीशांसमोर गांधीजींनी राजद्रोहाचा गुन्हा सरळ कबूल केला, चौरीचौरा आणि मुंबईच्या दंगलींचा दोषही अंगावर घेतला. मग १९४२ च्या हिंसाचाराचा ठपका सरकारने ठेवला, तेव्हा तेच गांधीजी कैदेतून लांबलचक पत्र लिहून प्रत्येक आरोप का खोडत बसले? ही विसंगती नाही का? आणि फौजदारी वकील म्हणून त्या उत्तराचं मोल काय?

पुण्याच्या सत्र न्यायालयात मी तीसहून जास्त वर्षं आरोपींची बाजू मांडतो आहे. १५ जुलै १९४३ चं ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ज्युनिअर होतो. त्यानंतर किती वेळा वाचलं ते मोजलेलं नाही. दरवर्षी नवे ज्युनिअर येतात, त्यांनाही वाचायला देतो. आरोपीने आपलं म्हणणं कसं मांडावं याचा इतका चांगला नमुना मला दुसरीकडे क्वचितच मिळाला आहे.

विसंगतीचं आधी सांगतो. १९२२ चा आरोप खरा होता, १९४३ चा खरा नव्हता. एवढ्यात बरंचसं उत्तर आलं. थोडं उरतं, आणि ते अवघड आहे. त्याकडे शेवटी येतो.

१९२२ मध्ये आरोप ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांवर होता, कलम १२४-अ खाली. सरकारबद्दल अप्रीती पसरवली असं म्हणणं होतं. गांधीजी तेच तर उघडपणे करत होते. १८ मार्चला ते न्या. ब्रूमफील्ड यांना म्हणाले की हा माझा धर्म आहे, सोडून दिलंत तर पुन्हा हेच करीन. आपण आगीशी खेळत होतो हे आपल्याला ठाऊक होतं, हेही त्यांनी सांगितलं. सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या दिवशी कोर्ट होतं, दोषारोपपत्र होतं, समोर ॲडव्होकेट जनरल होते, आणि आरोपीला बोलायची मुभा होती. यातलं काय काय १९४३ मध्ये होतं ते आता पाहा.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेसच्या महासमितीचा ‘छोडो भारत’चा ठराव झाला. अहिंसा हा या चळवळीचा पाया आहे, हे वाक्य त्या ठरावातच आहे. आपण आधी व्हाइसरॉयना भेटणार, मागणी मान्य करावी म्हणून गळ घालणार, आणि त्यात दोन-तीन आठवडे जातील, असं गांधीजींनी त्या रात्रीच्या भाषणात सांगितलं. ९ तारखेची पहाट उजाडायच्या आत त्यांना अटक झाली. खास गाडीने चिंचवडला आणून येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. भारत संरक्षण नियमांखालची ही स्थानबद्धता. खटला नाही, तारीख नाही, वकील नाही.

१४ ऑगस्टला त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना पहिलं पत्र लिहिलं. सरकारने चळवळ सुरू व्हायची तरी वाट पाहायला हवी होती, घाईने अटका करून संकट तुम्हीच ओढवून घेतलंत, हा त्याचा गाभा. दुसऱ्या दिवशी महादेवभाई देसाई तिथेच हृदयविकाराने गेले. १९१७ पासून गांधीजींचा शब्द न् शब्द टिपणारा, मसुदे तपासणारा माणूस नेमका या वेळी गेला. पुढची सगळी पत्रं त्यांच्याशिवाय लिहिली गेली, हे वाचताना माझ्या मनातून जात नाही.

वर्षअखेरीला पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. ३१ डिसेंबरच्या पत्रात गांधीजींचं मागणं साधं होतं: माझी चूक मला पटवून द्या, मी पुरेपूर भरपाई करीन. व्हाइसरॉयचं म्हणणं, आधी हिंसेचा निषेध करा. गांधीजींनी उत्तर दिलं की ९ ऑगस्टनंतर जे घडलं त्याचं दुःख मला आहेच, पण माझ्यापुढे एकच बाजू आली आहे आणि त्या घटनांवर माझा काही ताबाही नाही, मग मी मत देऊ कसं? कोर्टात साक्षीदाराला आपण हेच विचारतो ना, की तुम्हाला हे स्वतः माहीत आहे की ऐकीव? इथे आरोपीच म्हणतो आहे की ऐकीव गोष्टीवर मी निकाल देणार नाही.

२९ जानेवारी १९४३ च्या पत्रात भाषा तापते. सरकारने लोकांना वेडं होईपर्यंत डिवचलं, आणि दाताला दात या जुन्या न्यायाच्या जागी एकाला दहा हजार हा न्याय आणला, असं ते लिहितात. मग १० फेब्रुवारीपासून २१ दिवसांचा उपवास. व्हाइसरॉयने त्याला आधीच राजकीय ब्लॅकमेल म्हटलं होतं. उपवास चालू असताना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि आपले बापूजी अणे यांनी राजीनामे दिले.

याच दिवसांत गृहखात्याने एक पुस्तिका काढली: १९४२-४३ च्या दंगलींना काँग्रेस जबाबदार आहे हे दाखवणारी. प्रस्तावना गृहखात्याचे अतिरिक्त सचिव सर रिचर्ड टॉटनहॅम यांची. गांधीजींनी ५ मार्चला तिची प्रत मागितली. ती हाती आली १३ एप्रिलला, म्हणजे आरोपपत्राची नक्कल मिळायला सव्वा महिना लागला. १५ जुलैचं पत्र हे त्या पुस्तिकेला परिच्छेदवार दिलेलं उत्तर आहे.

आता वकिलाच्या नजरेने पाहू.

नवखा वकील पहिल्या परिच्छेदापासून भावनेला हात घालतो. गांधीजी कागदापासून सुरुवात करतात. प्रतीत लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या आहेत, त्यातल्या काही लक्षणीय आहेत, हे ते आधी नोंदवतात. मग तारीख: प्रस्तावनेवर १३ फेब्रुवारी आहे, म्हणजे उपवासाला तीन दिवस झाले होते. ज्या कागदात मीच लक्ष्य आहे तो काढायला माझ्या उपवासाचाच काळ का निवडला? मग सगळ्यात महत्त्वाचं. सरकारजवळचा सगळा पुरावा छापलेला नाही, असं प्रस्तावनाच सांगते. गांधीजी म्हणतात, मग मी असंच धरतो की आरोप छापलेल्या मजकुरावरच उभे आहेत.

ही चाल किती पक्की आहे ते पुरावा कायदा शिकणाऱ्याला लगेच कळेल. जुन्या कायद्याच्या कलम ११४ चं उदाहरण (g) आठवा: जो पुरावा हजर करता आला असता आणि केला नाही, तो केला असता तर रोखून धरणाऱ्याच्याच विरुद्ध गेला असता, असं गृहीत धरता येतं. गांधीजी कलमाचं नाव घेत नाहीत. इनर टेंपलने १९२२ मध्येच त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं होतं. पण वीस वर्षं वकिली केलेला हात लपत नाही. झाकलेल्या पुराव्याच्या सावलीशी ते लढत नाहीत, सरकारला छापील पानांवर उभं करतात आणि तिथेच उलटतपास घेतात.

उलटतपासातला माझा सगळ्यात आवडता मुद्दा एका वाक्याचा आहे. १४ जुलै १९४२ ला वर्ध्याला कार्यकारिणीचा ठराव झाल्यावर गांधीजी पत्रकारांशी बोलले. ते म्हणाले होते की ब्रिटिशांच्या माघारीच्या प्रस्तावात वाटाघाटीला जागा उरलेली नाही. स्वातंत्र्य मान्य करा किंवा करू नका, एकदा मान्य केलंत की पुढे पुष्कळ काही होऊ शकेल. सरकारच्या कागदात हे वाक्य असं झालं: प्रस्तावात माघारीला किंवा वाटाघाटीला जागा उरलेली नाही. शब्द जवळपास तेच, फक्त जागा बदलल्या. पण आधीच्या वाक्यात माघार घ्यायची आहे ब्रिटिशांनी, आणि नंतरच्या वाक्यात माघार घ्यायला नकार देतोय तो गांधी. दार उघडं ठेवणारा माणूस एका अदलाबदलीत दार बंद करणारा झाला. पुढचं वाक्य, मान्यतेनंतर पुष्कळ काही होऊ शकेल हे, गळालं की चित्र पुरं होतं.

पुराव्याच्या कायद्यात जुनं कलम ३९ होतं: विधान एखाद्या मोठ्या संभाषणाचा किंवा लेखाचा भाग असेल, तर अर्थ कळण्यापुरता आजूबाजूचा मजकूरही पुराव्यात यावा. गांधीजींच्या उत्तराचा मोठा भाग या एकाच तत्त्वावर चालतो. तोडलेलं वाक्य घ्यायचं, मूळ परिच्छेदात परत बसवायचं, आणि वाचणाऱ्याला पाहू द्यायचं. म्हणूनच पत्राला लांब परिशिष्टं आहेत. जपान्यांना सामील असल्याच्या आरोपावर ते स्वतःचं गुणगान करत नाहीत. ओरिसात जपानी उतरले तर लोकांनी काय करावं, यावर आपल्या शिष्या मीराबहन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार ते समोर ठेवतात. जपान्यांशी पूर्ण असहकार करा, असं त्यात आहे. हा कागद १९४२ च्या उन्हाळ्यातला, आरोपाच्या कितीतरी आधीचा. खटला उभा राहण्यापूर्वी लिहिलेल्या कागदाइतका विश्वासार्ह साक्षीदार नसतो.

इथे लोकमान्यांची आठवण येणारच. १९०८ चा खटला मराठी लेखांवर होता आणि न्या. दावर यांच्यापुढच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. म्हणजे लेख ज्या भाषेत लिहिले ती भाषा न्याय करणाऱ्यांची नव्हती. टिळकांनी आपल्या भाषणात आणि त्याआधी भाषांतरकाराच्या उलटतपासात शब्दांच्या छटांवर किती श्रम घेतले, ते कामकाज वाचलं की कळतं. २१ तासांहून जास्त ते बोलले. सात विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि मंडाले नशिबी आलं. गांधीजींच्या बाबतीत इंग्रजीतलं वाक्य इंग्रजीतच फिरलं, एवढाच फरक. पण टिळकांना उलटतपास घ्यायला समोर माणूस तरी होता. गांधीजींसमोर छापील पुस्तिका होती.

दुसरा मोठा मुद्दा इतरांच्या कागदांचा. तारा तोडण्यासारख्या गोष्टी असलेलं आंध्र प्रांतिक काँग्रेसचं एक परिपत्रक सरकारने पुढे केलं. आपल्याला त्याची माहितीच नव्हती, असं गांधीजींनी सांगितलं. त्याहून नाजूक होता किशोरलाल मश्रूवालांचा लेख. गांधीजींच्या अटकेनंतर वर्ध्याच्या मश्रूवालांनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं की माणसाच्या जिवाला धोका न पोचवता दळणवळण तोडता येईल. मश्रूवाला म्हणजे अहिंसेच्या बाबतीत अतिशय काटेकोर, सगळ्यांना आदर वाटणारा माणूस. गांधीजी त्यांच्या सचोटीबद्दल आदराने लिहितात, आणि त्या मजकुराचं समर्थन करत नाहीत.

हे किती अवघड असतं ते मला माहीत आहे. सहआरोपी आपलाच माणूस असला की वकिलापुढे दोन मोह उभे राहतात: त्याला बळी द्यायचा, किंवा त्याचं सगळंच झाकायचं. सुरुवातीच्या एका खटल्यात मी दुसरा मोह आवरला नाही. माझ्या अशिलाच्या भावाने केलेलं कृत्यही बचावात ओढलं आणि दोघांचाही विश्वास गमावला. त्यानंतर मश्रूवालांवरचा तो परिच्छेद मी पुन्हा काढून वाचला. आदर ठेवून असहमती दाखवली की आपल्या बाकीच्या नकारांना वजन येतं, हे त्यातून शिकलो.

आता त्या उरलेल्या अवघड भागाकडे. तुमच्या प्रश्नाची खरी धार तिथे आहे.

१९४२ मध्ये हिंसा झाली, यात शंका नाही. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीला पोलिसांचे गोळीबार झाले, जमावाच्या हातून अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. खुद्द लिनलिथगो यांनी चर्चिलना कळवलं होतं की १८५७ नंतरचं हे सगळ्यात गंभीर बंड आहे. आणि गांधीजींचे आधीचे शब्द सरकारच्या हातात होतेच. मे महिन्यात त्यांनी लिहिलं होतं की भारत देवाच्या हवाली करा, ते जड जात असेल तर अराजकाच्या हवाली करा. जुलैत म्हणाले की सगळी काळजी घेऊनही दंगे झालेच तर इलाज नाही. १९२२ मध्ये चौरीचौरानंतर आठवड्याभरात चळवळ थांबवणारा माणूस या वेळी थांबायला तयार नव्हता. मग १९२२ ची कसोटी लावली, की आगीशी खेळतोय हे मला ठाऊक होतं, तर १९४३ मध्येही त्यांनी तेवढंच कबूल करायला नको होतं का?

सरकारी वकील मी असतो तर याच जागी जोर दिला असता. पण पुस्तिकेचा आरोप इतका मर्यादित नव्हता. हिंसा होईल हे कळत असूनही पुढे गेले, एवढंच ती म्हणत नाही. हिंसेची तयारी काँग्रेसने केली आणि गांधीजींना ती चालणार होती, असं तिचं म्हणणं. फौजदारी कायद्यात जाणीव आणि हेतू यांच्यात मोठी दरी आहे, आणि चिथावणी सिद्ध करायला ती पार करावी लागते. छापलेल्या मजकुरावर सरकारला ती पार करता आलेली नाही, असं माझं मत आहे.

राहिला जाणिवेचा भाग. तिथे गांधीजींचं उत्तर कार्यकारणाचं आहे. चळवळ मी सुरूच केली नव्हती, व्हाइसरॉयला पत्र जायचं होतं, लोकांना आवरणारी माणसं तुम्ही एका पहाटेत उचललीत. कायद्याच्या भाषेत, मधे दुसऱ्याचं स्वतंत्र कृत्य आलं आणि साखळी तुटली. याला आधार देणारी एक गोष्ट अटकेआधीच बाहेर आली होती. माहिती खात्याचे सचिव पकल यांचं १७ जुलै १९४२ चं गुप्त परिपत्रक, महासमितीच्या बैठकीआधीच काँग्रेसविरुद्ध लोकमत तयार करा असं प्रांतांना सांगणारं. म्हणजे ठराव व्हायच्या तीन आठवडे आधी सरकारचा पवित्रा ठरलेला होता. तरीही मला हे उत्तर पुरतं पटतं असं म्हणणार नाही. नेते पकडले गेले तर प्रत्येकाने ठरवून दिलेल्या मर्यादेत स्वतःच्या बुद्धीने चालावं, असं ८ ऑगस्टच्या ठरावात होतं. म्हणजे अटकेची शक्यता गृहीत धरली होती. अटकेनंतर काय होईल याचा अंदाज अजिबात नव्हता, हे म्हणणं टिकत नाही, आणि मला वाटतं गांधीजींनी तेवढा एक परिच्छेद १९२२ च्या मोकळेपणाने लिहायला हवा होता. १९२२ मध्ये ते जाणिवेचा दोष घेऊ शकले, कारण समोरचा न्यायाधीश जाणीव आणि हेतू यांतला फरक ओळखत होता. १९४३ मध्ये तसा एक शब्द लिहिला असता तर सरकारने तोच उचलून कबुलीजबाब म्हणून जगभर फिरवला असता. ज्याचे शब्द आधीच तोडून छापले गेलेत, त्याने जपून लिहावं हे मला समजतं.

म्हणूनच पत्राच्या शेवटी त्यांची मागणी न्यायासनाची आहे: काँग्रेसवरचे आणि माझ्यावरचे आरोप निःपक्षपाती न्यायमंडळासमोर ठेवा. ही मागणी भाबडी नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेडरल कोर्टाने केशव तळपदे यांच्या प्रकरणात स्थानबद्धतेचा नियम २६ मुळातच कायद्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला होता. सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश होते. म्हणजे देशात सरकारला नाही म्हणणारं न्यायपीठ होतं. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून ती फट बुजवली. कोर्टासमोर गेलं तर काय होऊ शकतं, ते दोन्ही बाजूंना पुरतं ठाऊक होतं.

उत्तर आलं १४ ऑक्टोबर १९४३ ला, टॉटनहॅम यांच्या सहीने. ते मी ज्युनिअरना नेहमी मोठ्याने वाचायला लावतो. आशय असा: ही पुस्तिका जनतेच्या माहितीसाठी काढली होती, तुम्हाला काही पटवण्यासाठी किंवा तुमचा बचाव मागण्यासाठी नव्हे. ती तुम्हाला तुमच्याच विनंतीवरून दिली, आणि देताना सरकारने तुमचं म्हणणं मागितलंही नव्हतं आणि ते सरकारला नकोही होतं. हे वाचताना त्याच वर्षाच्या सुरुवातीचं व्हाइसरॉयचं म्हणणं शेजारी ठेवा: आरोपांना आज ना उद्या तोंड द्यावंच लागेल, आणि जमलं तर जगासमोर स्वतःला निर्दोष ठरवणं हे तुमचं आणि तुमच्या सहकाऱ्यांचं काम असेल. सुरुवातीला म्हणाले उत्तर द्या, आठ महिन्यांनी म्हणाले उत्तर विचारलं कोणी. २६ ऑक्टोबरला गांधीजींनी यालाही उत्तर लिहिलं.

न्यायमंडळ नेमलं गेलं नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबाही त्याच वाड्यात गेल्या. ६ मे १९४४ ला गांधीजींना प्रकृतीच्या कारणावरून सोडलं, आणि हा पत्रव्यवहार लोकांसमोर आला तो त्यानंतर.

तुम्ही हे वाचणार असाल तर क्रम उलटा करू नका. आधी सरकारची पुस्तिका पूर्ण वाचा, पेन्सिल हातात घेऊन, आणि जिथे आरोप पटतो तिथे खूण करा. मग १५ जुलैचं पत्र परिशिष्टांसकट वाचा. किती खुणा खोडाव्या लागल्या आणि किती राहिल्या ते मोजा. माझ्या प्रतीत चार राहिल्या आहेत. त्यातली एक, ठरावातल्या त्या वाक्याची, वर सांगितलीच. बाकीच्या तीन मुद्दाम सांगत नाही, तुमच्या खुणा तुम्हीच करा.